फर्मा आणि कानस

"आधी हे बघा," म्हणून सुभेदारांनी लाकडी पेटीतून ते परदेशी यंत्र काढलं आणि तात्यांच्या ऐरणीजवळ गोणपाटावर ठेवलं.

तात्यांनी ते हातात घेतलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून नुसतं वाकून बघितलं. "शेवया करायचं हाय का?"

"शेवया नव्हं. पुंगळीचं तोंड कापायचं. इकडनं पुंगळी घालायची, इकडनं हँडल फिरवायचं."

"म्हंजे शेवयाचंच."

आतून हौसाकाकी हसली. सुभेदारही हसले. सुभेदार यशवंत खराडे पलटणीतून निवृत्त होऊन आमच्या शहरात राहायला आले होते आणि जिल्ह्याच्या रायफल क्लबात त्यांच्याइतका नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. तीनशे मीटरवर लावलेला कागद आम्हाला दिसायचाही नाही, तिथं ते गोळीवर गोळी बसवायचे. पण बाहेरची काडतुसं यायची बंद झाली होती. क्लबाकडं होत्या त्या रिकाम्या पितळी पुंगळ्याच साफ करून, क्लबाच्या परवान्यावर पुन्हा भरून वापरायच्या. त्या भरायचं काम सुभेदार स्वतः करायचे. भरण्याआधीचं काम मात्र त्यांच्या हातातलं नव्हतं, आणि त्यासाठीच ते त्या दिवशी मला बरोबर घेऊन तात्यांच्या दुकानात आले होते.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, गणपत वडके. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, आणि हातोडा धरायलाही त्यांनीच शिकवलं. आम्ही तांबट. तात्यांच्या हातचा बंब आणि घागर शहरात ओळखू यायची. ठोक्यांची ओळ अशी की मोजून काढल्यासारखी. पुढं स्टीलची भांडी आली आणि सगळी गल्ली बसली. मी उद्यमनगरात लेथवर कामाला लागलो. तात्या दुकानातच राहिले. रोज सकाळी हत्यारं पुसायची, ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि रस्त्याकडं बघत बसायचं. भट्टीत कोळसा पडून कित्येक महिने झाले होते.

"पुंगळीचं तोंड कापायचं कशाला?" काकीनं चहा आणत विचारलं. "चांगलं दिसतंय की."

"बार झाला की पितळ ताणतंय, वहिनी," सुभेदार म्हणाले. "चार-पाच बार झाले की तोंड केसभर लांब होतं. तसंच घातलं तर पुढं जाऊन अडकतं, गोळीला आवळून धरतं. मग दाब पुढं जायच्या ऐवजी माझ्या तोंडावर यायचा. म्हणून मापात आणायचं."

"मग मापात आणा बाई," काकी म्हणाली. "तोंड हाय म्हणून ते मिशीला ताव देत्यात." आणि ती आत गेली.

परदेशी यंत्र मुंबईच्या एका बंदुकीच्या दुकानदारानं आठ दिवसांच्या बोलीवर बघायला दिलं होतं. सुभेदारांनी त्यावर एक पुंगळी कापून दाखवली. माप बरोबर आलं, पण कापणाऱ्या पात्याचा एक दात आधीच उडालेला होता आणि दुसरं पातं कुठं मिळणार नव्हतं. दुसरा उपाय माझा. मी लेथवर एक दांडी बसवून घेतली होती. पुंगळी चकात, म्हणजे लेथच्या जबड्यात धरायची, दांडी तोंडात शिरते, मग हत्यार पुढं आणायचं, एका जागी ते थांबतं. अर्ध्या मिनिटात काम. तशा कापलेल्या दोन पुंगळ्या मी खिशातून आणल्या होत्या. सुभेदारांनी गेज लावून बघितलं आणि मान डोलावली.

"आता माझं," तात्या म्हणाले.

त्यांनी फळीवरून एक पोलादाचा ठोकळा काढला. गेल्या आठवड्यात मापाची एक पुंगळी देऊन मी त्यांच्याशी सहज कामाबद्दल बोललो होतो, तेवढ्यावर त्यांनी तो घडवला होता. मधोमध भोक, आत पुंगळीच्या खांद्याला बसेल असा उतार. ठोकळ्याला त्यांनी असं पाणी पाजलं होतं की त्यावर कानस घसरायची. तात्यांनी पुंगळी त्यात सोडली. तोंड वर कणभर राहिलं. त्यांनी कानस आडवी धरून तीन-चार हात मारले. पितळेचा सोनेरी भुगा पडला. मग कानस पोलादाला टेकली आणि तिचा आवाज बदलला.

"झालं," ते म्हणाले. "आता लाख हात मारा. पुढचं कापत न्हाई."

सुभेदारांनी गेज लावलं. परत लावलं. "ह्याला काय म्हणायचं, तात्या?"

"फर्मा. शेवयाचा न्हवं."

सुभेदार बराच वेळ तिन्ही गोष्टींकडं बघत बसले. दिवाळीनंतर पुण्याला राज्याची स्पर्धा होती. त्यांची ती शेवटची. पुढच्या वर्षी क्लब ती रायफल तरुण पोरांना देणार होता, आणि ते त्यांनी उघड बोलून दाखवलं होतं. मग ते माझ्याकडं वळले. "केरबा, तुझा धंदा हाय. तू सांग. तू म्हणशील त्याला काम."

मी तात्यांकडं बघितलं. ते कानशीचे दात ब्रशनं झाडत होते. आमचं बोलणं ऐकू येत नसल्यासारखं, पण ब्रश एकाच जागी फिरत होता.

"फर्मा," मी म्हणालो.

"का?"

"लेथवर चकात पुंगळी दाबली जाती. बुडाच्या कडेला वळ पडतो. कानशीत ते भ्या न्हाई."

हे खरं होतं. पण वळ पडू नये म्हणून मी चिरलेली एक पितळी बांगडी करून घेतली होती, ती पुंगळीवर चढवून धरली की काही होत नव्हतं. ती बांगडी त्या वेळी माझ्या खिशात होती. मी ती काढली नाही.

"ठरलं मग," सुभेदार म्हणाले. "तात्या, सगळा माल तुमच्याकडं. दसऱ्याच्या आत द्या."

तात्यांनी ब्रश खाली ठेवला. "खंडेनवमीला पूजेत ठेवतो आणि देतो."

परत जाताना गल्लीच्या तोंडापर्यंत सुभेदार माझ्याशी कामाबद्दल बोलत होते. मी हूं हूं करत होतो. माझं मन मागं दुकानात होतं. इतक्या दिवसांनी तात्यांनी मला "बस, जेवून जा" म्हटलं होतं.

आठवड्यानं मी संध्याकाळी तिकडून गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच कोळशाचा वास आला. भट्टी पेटलेली होती. हौसाकाकी भात्याजवळ बसली होती, तोंड लालबुंद, पदर खोचलेला. तात्या परातीत चिंचेच्या पाण्यात पुंगळ्या घासत होते. पलीकडं घासून झालेल्यांची रास होती आणि दिवा लावायच्या आधीच ती कोपऱ्यात उजेड पाडत होती.

"बघ रं केरबा," काकी म्हणाली. "घर कसं ऊबदार झालंय."

"तात्या, लग्नाचा बस्ता आलाय जणू," मी म्हणालो.

"लग्नच हाय," तात्या म्हणाले. "तुझं लेथ असं करतं काय? नुसतं कापून देतं. असं तोंड हसतं का त्या पुंगळ्यांचं?"

मी एक पुंगळी उचलून तोंडावर बोट फिरवलं. कापताना कडेला राहते ती बर नव्हती, धार नव्हती. रेशमासारखं. मी चहा घेतला आणि घरी गेलो. त्या रात्री बायकोला म्हणालोही, म्हातारा दहा वर्षांनी लहान झालाय.

खंडेनवमीला तात्यांनी हत्यारांच्या ओळीत त्या पुंगळ्या मांडल्या, झेंडूची फुलं वाहिली आणि पूजा आटोपल्यावर त्या सुभेदारांच्या हवाली केल्या. सुभेदारांनी त्यांतल्या थोड्या भरल्या आणि पुढच्या रविवारी सरावाला बसायचं ठरवलं. तात्यांना त्यांनी मुद्दाम बोलावलं. "तुमचं काम कसं उडतंय ते बघायला या," म्हणाले.

तात्या पांढरं धोतर नेसून, फेटा बांधून आले. क्लबातल्या दोघा-तिघांनी त्यांना नमस्कार केला. त्यांना खुर्ची दिली ती त्यांनी नको म्हटली. ते सुभेदारांच्या मागं चार हातांवर, जमिनीवर मांडी घालून बसले. मी त्यांच्याशेजारी होतो.

सुभेदार पोटावर झोपले. पहिला बार झाला. दूरच्या खड्ड्यातून पोरानं झेंडा दाखवला, म्हणजे गोळी मधोमध.

"बसली?" तात्यांनी मला विचारलं.

"बसली."

सुभेदारांनी रायफलीचा बोल्ट मागं ओढला. तो जड निघाला. त्यांनी तळहातानं त्यावर थाप मारली तेव्हा सुटला. पुंगळी बाहेर पडली. त्यांनी ती बघितली नाही, दुसरी घातली.

दुसऱ्या बाराचा आवाज वेगळा आला. पुढं जायच्या ऐवजी आमच्याकडं आल्यासारखा. बोल्टच्या बगलेतून धूर निघाला आणि सुभेदार दोन्ही हात तोंडावर दाबून कुशीवर वळले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "डोळा," एवढंच म्हणाले.

सगळ्यांच्या आधी तात्या पोचले. त्यांनी फेटा सोडला, त्याचं टोक पाण्यात भिजवून सुभेदारांच्या चेहऱ्यावर धरलं. फेटा लाल होत गेला. जीपमध्येही तो त्यांनी सोडला नाही.

मी मागं राहून रायफल उघडायला मदत केली. पुंगळी ठोकून काढावी लागली. तिचं बूड एका बाजूनं उघडलं होतं आणि बार पेटवणारी टोपी बसते ती जागा फुगून सैल झाली होती. मी पक्कड घेऊन त्या बुडाची कड दाबली. ती वाकली. पुंगळीचं बूड असं वाकत नाही. ते कडक असतं म्हणून तर बाराचा धक्का सोसतं. हे बूड घागरीच्या पत्र्यासारखं मऊ होतं. लाल होईस्तोवर तावून पाण्यात टाकलेलं पितळ कसं लागतं ते मला लहानपणापासून माहीत होतं.

तावल्याशिवाय आमच्याकडं पितळेला कुणी हात लावत नाही. ठोकून ठोकून कडक झालं की ताव द्यायचा, मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. वापरलेल्या पुंगळ्यांची तोंडं कडक झालेली असतात. कानशीखाली एखाद-दुसरं चिरलं असणार. तात्यांनी तांबटानं करायचं तेच केलं होतं. अख्ख्या पुंगळ्या विस्तवात घातल्या होत्या.

मागून दवाखान्यात पोचल्यावर भरतीच्या कागदावर मी ओळखीचा माणूस म्हणून अंगठा दिला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते पन्नाशी उलटल्यावर आलं. तात्या बाहेर बाकावर बसले होते, सोडलेला फेटा मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा मी एकटाच गेलो.

सुभेदारांच्या उजव्या डोळ्यावर आणि अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. डोळा वाचणार नाही हे त्यांना सांगून झालं होतं.

"काय झालं होतं रे?" त्यांनी विचारलं.

"बूड मऊ होतं. तावलेलं. सगळ्याच तसल्या असणार."

त्यांनी पट्टीची कड बोटानं चाचपली. मग म्हणाले, "तात्यांना कळलंय?"

"न्हाई."

"मग सांगू नको. बंदुकीची दारू जुनी होती म्हण. ओल धरली होती, म्हण."

"पण सुभेदार..."

"त्यांचं वय बघ. मरंपर्यंत ते मनात घेऊन बसतील." त्यांनी पट्टी नसलेला डोळा माझ्याकडं वळवला. "आणि केरबा, मी तुला एक गोष्ट विचारणार होतो. ती आता विचारत न्हाई. तू एवढं ऐक माझं."

मी ऐकलं. बाहेर येऊन तात्यांना सांगितलं, दारू जुनी होती.

"कुठल्या भडव्यानं दिली ती?" तात्या म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सोन्यासारखा माणूस."

दिवाळीपर्यंत ते दोनदा सुभेदारांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या बायकोला, सगुणावहिनींना, त्यांनी काकीनं केलेले लाडू दिले. पुण्याची स्पर्धा सुभेदारांशिवायच झाली. मी मात्र गल्लीत जायचं टाळत होतो. मग एके दिवशी तात्यांनी निरोप पाठवला, म्हणून गेलो.

"क्लबात आता दुसरी पोरं उडवत असतील की," ते म्हणाले. "माझ्या हातच्या राहिलेल्या पुंगळ्या त्यांनी वापरल्या असतील. त्या घेऊन ये. पुन्हा मापात आणून ठेवतो. सुभेदार डाव्या डोळ्यानं शिकतील, मला म्हणालेत. तोवर माल तयार पायजे."

मी हो म्हणालो. त्या पुंगळ्या सुभेदारांनी एका डब्यात घालून माझ्या ताब्यात दिल्या होत्या, मोडीत घालायला. मी मोडीत घातल्या नव्हत्या. आता नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी घरी आलो, चिमणीच्या ज्योतीवर एकेका पुंगळीचं तोंड धरलं, काजळी बसवली, फडक्यानं अर्धवट पुसली. उडवलेली पुंगळी दिसते तशा त्या दिसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नेऊन दिल्या.

तात्यांनी हात धुऊन, ऐरणीला हात लावून तो कपाळाला लावला आणि बैठक मारली. फर्मा पुढं ओढला. पहिली पुंगळी त्यात सोडली. कानस फिरवली.

कानस पोलादावर घसरली. भुगा पडला नाही.

त्यांनी पुंगळी काढली, उलटून बघितली, बाजूला ठेवली. दुसरी घातली. तीच गत. तिसरी. चौथ्या पुंगळीला त्यांनी कानस लावलीच नाही. तिच्या तोंडावरची काजळी बोटावर घेतली आणि बोट नाकाजवळ नेलं.

"हे रॉकेल हाय," ते म्हणाले.

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"बार झालेला न्हाई ह्यांचा. झाला असता तर ताणलं असतं." ते अगदी शांत बोलत होते, आकडेमोड केल्यासारखं. "दारू जुनी होती ना?"

"व्हय."

"मग पुंगळ्यांनी काय घोडं मारलं? नवी दारू घालून उडवायच्या. का उडवल्या न्हाईत?"

"तात्या..."

"गप."

त्यांनी पुंगळी ऐरणीवर आडवी ठेवली. भांड्यावर ठोक्यांच्या ओळी उमटवायची, मठारकामाची सगळ्यांत लहान हातोडी उचलली आणि बुडाच्या कडेवर एक ठोका दिला, अगदी हलका, निरांजनाला देतात तसा. कड चेपली. त्यांनी बोटानं ती चाचपली. मग डब्यातून दुसरी घेऊन तसाच ठोका दिला. तीही चेपली.

"बूड कडक लागतं का ह्याचं?"

"व्हय."

"आणि मी मऊ केलं."

काकी आतून दारात आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती तिथंच चौकटीला धरून उभी राहिली. तात्या उठले. त्यांनी फेटा घेतला नाही, चप्पल घातली नाही. "चल," म्हणाले.

सुभेदारांच्या घरापर्यंत ते माझ्या पुढं चालत होते आणि एकदाही वळून बघितलं नाही.

सुभेदार ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी मान थोडी जास्तच वळवली. त्या बाजूचं आता दिसण्यासाठी तेवढी वळवावी लागायची. "या तात्या. अनवाणी का?"

तात्यांनी ती चेपलेली पुंगळी त्यांच्या हातावर ठेवली.

सुभेदारांनी ती अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, "दारू जुनी होती, तात्या."

"सुभेदार, मी अडाणी हाय. पितळेत न्हाई. मला पोरासारखं फसवू नका."

"फसवायचं काय त्यात."

"डोळा माझ्यामुळं गेला. मी तुमच्या घरी येऊन लाडू देतोय, दारूवाल्याला शिव्या घालतोय, आणि तुम्ही बसून ऐकताय. रागवा तरी मला." त्यांचा आवाज फुटला. "चार लोकांत रागवा. पण असं ऐकून घेऊ नका."

सुभेदार खाली बघत होते. पुंगळी त्यांच्या बोटांत फिरत होती. मग ते म्हणाले, "बूड तावायचं असतं का हो, तात्या? एवढा जन्म पितळेत गेला, आणि बूड तावलंत?"

"न्हाई ठाऊक," तात्या म्हणाले. "पुंगळी मला ठाऊक न्हाई. घागर ठाऊक हाय. तोंडं चिरायला लागली म्हणून तावली. तोंड तावायचं आणि बूड न्हाई, हे मला कुणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर पाण्यात बुडं ठेवून नुसती तोंडं तावली असती. पोरखेळ हाय तो."

सुभेदारांनी पुंगळी ओट्यावर ठेवली. ते माझ्याकडं मुळीच बघत नव्हते. आणि तेच तात्यांच्या लक्षात आलं.

तात्या हळूहळू माझ्याकडं वळले. "केरबा. तुला ठाऊक होतं?"

काम ठरलं त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी सुभेदार मला दोनदा म्हणाले होते. तोंडं कडक झालेली असतील, तावावी लागतील, पण तोंडापुरतीच. बूड पाण्यात ठेवायचं. एवढं तात्यांना सांग. मी म्हणालो होतो, पितळ मी तात्यांना शिकवू का? तर ते म्हणाले होते, शिकवू नको, सांग तरी. त्यानंतर आठवड्यानं मी पेटलेली भट्टी बघितली. कानशीच्या कामाला विस्तव लागत नाही. भात्यावर काकी बसली होती, तात्या हसत होते, आणि मी चहा घेऊन घरी गेलो.

"मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला सांग म्हणून."

"मग?"

"तुम्हाला मी काय सांगायचं, असं वाटलं."

तात्यांनी मला लहानपणी पुष्कळ मारलं होतं. कानस वाकडी धरली तरी मारायचे. मला वाटलं आता हात उचलतील. बरं वाटलं असतं.

"आणि लेथ?" ते म्हणाले. "लेथवर वळ पडत होता, ते तरी खरं का?"

"पडत होता. पण त्यावर उपाय मी केला होता."

"मग मला काम कशाला दिलंस?"

मी बोलायला तोंड उघडलं. ते थांबले नाहीत.

"कीव आली तुला. दुकानात बसतोय म्हातारा, तर घ्या म्हणावं काम. आणि सांगायची वेळ आली तर मला देव करून ठेवलंस. देवाला कोण काय सांगतंय." ते ओट्याच्या पायरीवर बसले. "एक कायतरी करायचं होतंस रं. कीव करायची, न्हाई तर मान द्यायचा. दोन्हींच्या मधी ह्यांचा डोळा गेला."

"तात्या, जाऊ द्या," सुभेदार म्हणाले.

"तुम्ही त्यालाबी वाचवलंत."

"पोरगं हाय."

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो.

तात्यांनी सुभेदारांच्या पायाला हात लावला. सुभेदारांनी तो वरच्यावर धरला आणि सोडला नाही. दोघं म्हातारे तसेच बसले. मी पायरीच्या खाली उभा होतो. काय करावं ते न कळून मी "येतो" म्हणालो. दोघांनी मान वर केली नाही, म्हणून मी गेलो.

त्यानंतर तात्या रोज तिन्हीसांजेला सुभेदारांकडं जायला लागले. चांगल्या डोळ्यात औषध घालायचं असायचं. सगुणावहिनींचा हात कापायचा, म्हणून ते तात्या घालायचे. घागरीच्या बुडाचा सांधा झाळ लावून जोडणारा तो हात, थेंब बाहेर पडू द्यायचा नाही. लोक सांगायचे की दोघं बसून हसत असतात. सुभेदार डाव्या डोळ्यानं काही शिकले नाहीत. मला त्यांनी क्लबाचं काम दिलं. पुंगळ्या लेथवर यायला लागल्या. त्या पाण्यात उभ्या करून मी नुसती तोंडं तावायचो. एकही फुटली नाही. तात्या माझ्याशी बोलायचे, काकीचं बरं-वाईट सांगायचे, माझ्या पोरीच्या लग्नात पुढं होऊन उभे राहिले. त्या गोष्टीवर पुन्हा एक शब्द नाही.

ओट्यावरच्या त्या दिवसानंतर महिनाभरानं धीर करून मी सुभेदारांकडं गेलो होतो, तिन्हीसांजेलाच. ओट्यावर दोघं होते. लांबून मला हसणं ऐकू आलं. मी पायरी चढलो आणि ते थांबलं.

"ये केरबा," सुभेदार म्हणाले. "बस. तुझाच विषय निघणार होता, लेथचा." ते खोटं होतं, पण मायेनं बोलले. "सगुणा, केरबा आलाय."

वहिनी बाहेर आल्या. हातातल्या ताटलीत दोन कप होते. त्यांनी ते सुभेदारांच्या आणि तात्यांच्या पुढं ठेवले, माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. पुन्हा आल्या त्या रिकामी कपबशी आणि किटली घेऊन. ती त्यांनी सुभेदारांच्या जवळ ठेवली, मला दिली नाही, आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"मी ओततो," मी म्हणालो.

"बस की," सुभेदार म्हणाले. "पाहुणा तू."

त्यांनी किटली उचलली. कप कुठं आहे ते त्यांना दिसत होतं, पण किती लांब आहे ते एका डोळ्याला कळत नव्हतं. तोटी कपाच्या कडेपासून दोन बोटं अलीकडं थांबली. तीनशे मीटरवरच्या कागदाचा मध्य न चुकणारा माणूस. चहाची धार बशीत पडायला लागली. तात्या बघत होते. त्यांनी हात पुढं केला नाही. वहिनींनीही नाही. बशी भरली, थोडा चहा ओट्यावर गेला, आणि मग सुभेदारांना आवाजावरून कळलं. ते थांबले.

"पडला का बाहेर?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

मी कप बाजूला काढून ठेवला, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि मी नेहमी तसाच पितो असं दाखवत तो चहा बशीतूनच प्यालो.